यादीचा तळ

मला काम मिळालं ते पोरांमुळे.
सिदी स्लिमानच्या त्या हॉलमध्ये
टेबलामागच्या माणसाने आधी माझे तळहात पाहिले,
मग जन्माचे दाखले. तीन.
धाकटा चार वर्षांचा. छान, तो म्हणाला,
म्हणजे तू परत जाशील.
गहाणखत इतक्या गोड आवाजात वाचलेलं
मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

समुद्र ओलांडायला तास-दीड तास.
धड ओकायलाही पुरत नाही, म्बारका म्हणाली,
आणि तरी ओकलीच.

उएल्वात आकाश प्लास्टिकचं.
त्याखाली स्ट्रॉबेरी, ओळीमागून ओळ,
गुडघ्याखाली फळ, कंबरेखाली डोकं.
फळाला हात लावायचा नाही.
देठ नखाने खुडायचा, हिरवी टोपी शाबूत,
फळाची झोपमोड होऊ नये अशा बेताने.
माझ्या पोरांच्या अंगावरचं पांघरूण
मी इतक्या हळू कधी सरकवलं नसेल.

रोज संध्याकाळी शेडच्या दारावर यादी.
नाव, पेट्या. नाव, पेट्या.
सगळ्यात वर मी.
खोटं कशाला बोलू, आवडायचं मला ते.
उभ्या जन्मात कुणी माझं नाव
कशाच्याच वर लिहिलं नव्हतं.
पाणी प्यायला मी मुद्दाम त्या दारावरून जायचे.

तळाला असेल तिला तीन दिवस घरी.
घर म्हणजे पत्र्याचा कंटेनर, सहा खाटा, एक शेगडी,
बिनपगारी छत.
त्या आठवड्यात रकिया तळाला. पुढच्या आठवड्यातही.
पाठ गेली होती तिची.
बोलायची नाही; रात्री फक्त
खाटेच्या लोखंडी पट्टीला टेकून
ताठ बसायची, जणू कुणी फोटो काढतंय.

कल्पना गिझलानची. वय तेवीस, जीभ तिखट,
दोन पोरांची आई, कागदावर तीन.
कांदा चिरता चिरता म्हणाली,
यादीला तळ असतो
कारण तिला डोकं आपण देतो.
सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.
मी डोळे पुसले.
कांदा माझ्यापासून चांगला लांब होता.

अकरा पेट्या. प्रत्येकीने. बारा नाही, दहा नाही.
रकियाच्या कमी पडतील त्या ओळींमधून सरकवायच्या.

ठरवायला दहा मिनिटं लागली.
हातांची समजूत घालायला अख्खा दिवस.
नऊ वाजताच माझ्या सहा भरलेल्या.
हात पुढे धावायचे, दोरीतल्या कुत्र्यासारखे,
मी मागे खेचत होते.
दुपारी एकच फळ चारदा पाहिलं.
त्याच्या बिया बाहेरच्या अंगाला असतात.
दोन हंगामांत मला हे दिसलंच नव्हतं.

संध्याकाळी एवारिस्तोने मोजलं. पुन्हा मोजलं.
एकेचाळीस नावं, प्रत्येकापुढे अकरा,
कागदभर उभ्या रेघाच रेघा, कुंपण घातल्यासारख्या.
तो ओरडला नाही. चष्मा पुसला.
विचारलं, सगळ्यांनाच घरी बसवू?
बाहेर ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता,
आणि फळ कुणासाठी थांबत नाही
हे त्यानेच तर शिकवलं होतं आम्हाला.

नऊ दिवस अकरा.
दहाव्या दिवशी यादी लागली नाही.
दारावर चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले,
वाऱ्याने त्यातला एक हलायचा.

एवढंच.
पगार वाढला नाही.
रकियाची पाठ सुधारली नाही.
पुढच्या वर्षी गिझलानला फोन आला नाही.
मला आला.
तो मी उचलला की नाही, उचलून काय म्हटलं,
ते इथे सांगणार नाही.
पोरं समोरच जेवत होती,
तिन्ही.